एकाच तोंडाची गल्ली

घर घेताना माणसे पुष्कळ गोष्टी पाहतात. दार कोणत्या दिशेला आहे, नळाला पाणी किती वेळ येते, बाजार आणि शाळा किती लांब, शेजारी कोण. गल्ली पुढे कुठे जाते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. जात असेल कुठेतरी, असे आपण धरून चालतो. पण काही गल्ल्या कुठेच जात नाहीत. शेवटच्या घरापाशी आडवी भिंत येते आणि आल्या पावली परत फिरावे लागते.

अशाच एका गल्लीत माझा सगळा संसार झाला. सध्या आमच्या गल्लीत त्या शेवटच्या भिंतीवरून घराघरांत वाद चालू आहेत. भिंत पाडून रस्ता पुढे काढायचा, की आहे तशी ठेवायची? येत्या रविवारी आमच्याच ओट्यावर बैठक आहे. अशा बैठकीत बायकांची बोलायची पाळी चहाचे कप गोळा करताना येते, तोवर पुरुषांचे ठरलेले असते. म्हणून माझे म्हणणे आधीच इथे मांडून ठेवते. शिवाय हा प्रश्न काही आमच्या एका गल्लीचा नाही. जळगाव-धुळ्याच्या नव्या वसाहतींत अशा बंद गल्ल्या जागोजागी आहेत.

माहेर आरपार, सासर बंद

माझे माहेर धुळ्याचे. धुळेकराला पत्ता विचारला की तो आकडा सांगतो. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. बाहेरगावच्या माणसाला याची गंमत वाटते, पण त्यामागे इतिहास आहे. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथला कारभार पाहू लागला. त्याने जिल्ह्याचे ठाणे म्हणून धुळे निवडले. त्या वेळी धुळे केवढे होते? १८१९ साली २,५०९ माणसे आणि ४०१ घरे, अशी गॅझेटियरमध्ये नोंद आहे. ब्रिग्जने जुन्या गावाबाहेर नवी वस्ती सरळ रेषांत आखली आणि व्यापाऱ्यांना बोलावून वसवले. त्या आखणीची खूण म्हणजे आग्रा रोडच्या आसपासच्या या सरळ, आकड्यांच्या गल्ल्या.

आरपार गल्लीत वाढलेल्या मुलीला जगाचे भय वाटत नाही, कारण जग रोज तिच्या दारावरूनच जाते. सकाळी दूधवाले, मग शाळेची पोरे, मग भाजीच्या गाड्या, दुपारी कल्हईवाला, संध्याकाळी कोणाची तरी वरात. गणपतीत तर ओट्यावर बसून आख्ख्या गावाच्या मिरवणुका पाहाव्यात. गोंगाट भरपूर, धूळ भरपूर. पण एक सुख होते. वाहत्या गर्दीत कोणाचे लक्ष कोणाकडे? कॉलेजला जाताना मी मनात येईल त्या टोकाने बाहेर पडे. कोपऱ्यावरची म्हातारी फार तर विचारी, "कथा चालनी माय?" उत्तराची वाट न पाहता तिची नजर पुढच्या माणसाकडे वळलेली असे.

१९८९ साली लग्न झाले. पारोळा, एरंडोल करीत वऱ्हाडाची गाडी दिवेलागणीला जळगावात शिरली, रिंग रोड ओलांडून एका नव्या कॉलनीत आली आणि गल्लीच्या तोंडाशीच थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "आत नेली तर वळवता येणार नाही. पुढं रस्ता नाही." नव्या नवरीने सासरच्या गल्लीबद्दल ऐकलेले हे पहिले वाक्य! आम्ही चालत आत गेलो. दोन्ही बाजूंना सात-सात घरे, मध्ये जेमतेम रस्ता, शेवटी पुरुषभर उंचीची भिंत आणि भिंतीपलीकडे केळीची बाग. चौदा घरांच्या ओट्यांवर माणसे उभी होती आणि सगळी माझ्याकडेच पाहत होती. त्यानंतर कित्येक महिने मला वाटे, की ती अजून पाहतच आहेत.

बंद गल्लीचे सुख

तक्रारी पुढे सांगणारच आहे, पण सुखाचे आधी सांगायला हवे, कारण ते मी भोगले आहे.

पहिले सुख मुलांचे. माझी दोन्ही मुले त्या रस्त्यावर रांगली म्हटले तरी चालेल. आत येणारी गाडी म्हणजे चौदा घरांपैकी कोणाची तरीच, आणि तो चालवणारा काका किंवा मामा तोंडापासूनच हळू येणार. शेवटची भिंत म्हणजे क्रिकेटचा कायमचा यष्टिरक्षक. भिंतीवरून चेंडू गेला की बाद, कारण केळीच्या बागेतला राखणदार चेंडू परत देत नसे. अंगणवाडीपासून दहावीपर्यंतची पोरे एकाच संघात खेळत. भांडणे होत, पण घर सोडून जाणार कुठे? उद्या पुन्हा त्याच भिंतीपुढे उभे राहायचे.

दुसरे सुख बायकांचे. खानदेशात उन्हाळा म्हणजे नुसता ताप नसतो, वर्षाची बेगमी असते. उडदाचे पापड, कुरडया, ज्वारीचे बिबडे. माहेरी हे सगळे गच्चीवर चढवावे लागे. इथे मात्र भर रस्त्यात खाटा टाकायच्या, त्यावर धुतलेली लुगडी अंथरायची आणि वाळवण घालायचे. एका घरचे पापड लाटायला सात घरची लाटणी येत. दुपारी राखण करायची पाळी कोणाची, हेही ठरलेले. पापड आमचे आणि कावळे हाकलणार समोरच्या आजी, असा तो व्यवहार.

फेरीवाल्याची एक गंमत सांगते. आरपार गल्लीत भाजीवाला एकदा गेला की गेला. बंद गल्लीत तो शेवटपर्यंत जातो आणि त्याच वाटेने परत येतो. म्हणजे घासाघीस करायला दोन संधी. जाताना भाव ऐकून घ्यायचा, नाक मुरडायचे, आणि परत येताना दोन-पाच रुपये कमी करून घ्यायचे. भाजीवालाही हे ओळखून असे. जाताना तो मुद्दामच चढा भाव सांगे.

सणांचे तर विचारूच नका. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गुलाबाई, कोणी भुलाबाई म्हणतात, घरोघर बसते. चौदा घरांतल्या मुली रोज संध्याकाळी तोंडाकडून भिंतीकडे गाणी म्हणत जात आणि प्रत्येक घरी खिरापत ओळखत. रात्र झाली म्हणून कोणाच्या आईचा जीव टांगणीला लागत नसे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसली की रोटांचा वास सगळ्या गल्लीला. रात्रभर जागरण. सोमवारी विसर्जनाला निघताना मात्र सगळी गल्ली तोंडातून एकदम बाहेर पडे.

आणि चोराचिलटांचे म्हणाल, तर जळगाव ही सोन्याची पेठ. अंगावर चार दागिने घालून निघायचे तर मनात धाकधूक असते. आमच्या गल्लीत अनोळखी मोटारसायकल शिरली की तिसऱ्या घरापाशी प्रश्न येतोच, "कोणाकडे आलात?" ज्याला उत्तर देता येत नाही तो परत फिरतो. पळायला दुसरी वाट नाही, हे त्यालाही दिसत असते.

गल्ल्या बंद का होतात?

आमची गल्ली कोणी फार विचार करून बंद ठेवली असेल, असा माझा कित्येक वर्षे समज होता. खरी गोष्ट साधी आहे. गावाभोवतीची शेती गटागटांत वाटलेली असते. एका शेतकऱ्याने गट विकला, बिनशेती झाला, लेआउट पडला, प्लॉट विकले गेले. रस्ता आखणाऱ्याने तो गटाच्या हद्दीपर्यंत आखला. पलीकडचा गट दुसऱ्याचा. त्याने विकला नाही, केळीच लावीत राहिला. झाली गल्ली बंद! दहा-वीस वर्षांनी तो गट विकला गेला, तर त्याचे रस्ते त्याच्या सोयीने पडतात. तोंडाला तोंड जुळेलच असे नाही. धुळ्याची मधली वस्ती एका हाताने आखलेली, म्हणून आरपार. आमच्या कॉलन्या गटागटाने वाढलेल्या, म्हणून तुटक. देवपुरात किंवा साक्री रोडच्या बाजूला आज तुम्ही गेलात तर नव्या धुळ्यातही हेच दिसेल.

परदेशात मात्र बंद गल्ल्या जाणूनबुजून बांधल्या गेल्या. त्यांना नाव आहे कल-डी-सॅक. मूळ फ्रेंच शब्द, अर्थ पिशवीचा तळ. लंडनजवळ हॅम्पस्टेड येथे बागांचे उपनगर वसवताना अशा गल्ल्या ठेवता याव्यात म्हणून १९०६ साली पार्लमेंटाने खास कायदा केला. पुढे अमेरिकेत मोटारी वाढल्या, मुले रस्त्यावर मरू लागली, तेव्हा क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट या दोघांनी न्यू जर्सीत रॅडबर्न नावाची वसाहत आखली. १९२९ साली लोक तिथे राहायला आले. घरे बंद गल्ल्यांच्या दोन्ही बाजूंना. मोटारीने यायचे ते समोरून. पण घरांच्या मागच्या बाजूने पायवाट, ती बागेत जाणारी, आणि मोठा रस्ता आडवा आला तर त्याच्या खालून बोगदा. रस्ता न ओलांडता मुलांनी शाळेत जावे, हा त्यामागचा हेतू.

ही पायवाट वाचकांनी लक्षात ठेवावी. मला शेवटी तिच्याकडेच यायचे आहे. बंद गल्ली ज्यांनी विचारपूर्वक बांधली त्यांनी ती मोटारीला बंद केली होती, पायी जाणाऱ्या माणसाला नव्हे. जगभर नक्कल झाली ती फक्त बंद टोकाची.

एक तोंड, आणि त्याला चौदा तोंडे

आता तक्रारी.

पहिली तक्रार पाण्याची. आमच्या गल्लीचा उतार तोंडाकडून भिंतीकडे आहे. जुलैत दोन तास पाऊस झाला की शेवटच्या दोन घरांपुढे गुडघाभर तळे साचते. आमच्या थोरल्या मुलाने इंजिनिअर झाल्यावर मला एक गोष्ट सांगितली आणि मी कपाळावर हात मारला. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत बंद गल्लीसाठी नियमच आहे. बंद टोक हे सुरुवातीच्या टोकापेक्षा उंचावर असले पाहिजे! गल्ली साधारण १५० मीटरपर्यंत असावी, त्याहून लांब असेल तर २७५ मीटरच्या पुढे जाऊ नये, आणि गाडी वळवायला निदान ८१ चौरस मीटर, म्हणजे नऊ बाय नऊची मोकळी जागा हवी. आमच्याकडे उतार उलटा, आणि वळायला जी थोडी जागा होती तिथे आता गाड्या उभ्या असतात. १९८९ साली गल्लीत तीन स्कूटर होत्या. आज अकरा चारचाकी आहेत. घंटागाडी रोज सकाळी उलटी उलटी बाहेर पडते आणि तिची ती टूंटूं ऐकत आमचा चहा होतो.

नळाचेही तसेच. जिथे पाइप संपतो तिथे पाणी खेळत नाही, गाळ बसतो आणि दाब कमी होतो. पाइप दोन्हीकडून जोडलेला असेल तर एकीकडे बिघाड झाला तरी दुसरीकडून पाणी येते. बंद टोकाच्या घराला ती सोय नाही. म्हणून शेवटच्या घरची बाई पाण्याच्या दिवशी सगळ्यांत आधी उठते आणि तिची टाकी सगळ्यांत शेवटी भरते.

पण या तक्रारी पैशाने आणि फावड्याने मिटणाऱ्या आहेत. दुसऱ्या एका तक्रारीला तसे औषध नाही.

आमच्या ओळीतल्या एका घरची मुलगी लग्नानंतर तीन वर्षांनी माहेरी परत आली. का आली, हे तिच्या आईबापांना ठाऊक होते आणि तेवढे पुरे होते. कोणी तिला वाकडे बोलले नाही. आमची गल्ली तशी भल्या माणसांची. पण गल्लीला तोंड एक, आणि त्या तोंडापर्यंत जायचे म्हणजे नऊ ओटे ओलांडायचे. प्रत्येक ओट्यावरून प्रेमानेच विचारपूस होई. "जेवलीस का?" "आज कुठे?" "काही निरोप आला का तिकडून?" मे महिन्यात भर दुपारी एक वाजता ती बाहेर पडताना मी खिडकीतून पाहिली. जळगावातली मे महिन्यातली दुपार म्हणजे काय, ते खानदेशच्या वाचकाला सांगायला नको. पाखरूही बाहेर नसते. मला वाटले, एवढे काय अडले असेल? दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वेळ. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले. त्या वेळी सगळ्यांची दारे बंद असतात.

पुढे तिला धुळ्याला नोकरी लागली. देवपुरात तिने खोली घेतली. एकदा माहेरी गेले होते तेव्हा मी तिला भेटले. जागा लहान होती, रस्त्यावर वाहनांचा आवाज होता. मी म्हटले, "गोंगाट फार आहे गं इथे." ती हसून म्हणाली, "असू दे काकू. इथे मला कोणी मोजत नाही." मला माझे माहेरचे दिवस आठवले, दोन टोकांची ती गल्ली आठवली. ज्या नजरेने माझी मुले सांभाळली गेली, तीच नजर या मुलीला ऊन होऊन लागली. ती नजर हवी तेव्हा उघडायची आणि नको तेव्हा मिटायची, अशी सोय बंद गल्लीत नाही.

२०२० सालच्या टाळेबंदीत दोन्ही गोष्टी एकदमच दिसल्या. पहिल्या महिन्यात गल्लीच्या तोंडाशी आम्ही बांबू आडवा बांधला आणि आत आमचे एक छोटे गावच झाले. पुढे एका घरी रुग्ण निघाला आणि त्याच तोंडाला बाहेरून पत्रे लागले. एकामुळे चौदा घरे अडकली. त्या घरच्यांना लोकांनी मनात दोष दिला असेल, पण दोन्ही वेळचा डबा त्यांच्या फाटकावर टांगायला कोणी एक दिवस चुकले नाही.

तो मांडव आमचा होता

आता जी गोष्ट सांगायची ती मी आजवर कुठे बोलले नाही. आमच्या गल्लीतही ती कोणी बोलत नाही.

२०१७ सालच्या मे महिन्यात आमच्या थोरल्याचे लग्न होते. हळदीच्या दिवशी मांडव घातला, तो गल्लीच्या तोंडाशी. सगळेच तिथे घालतात. तिथे रस्ता जरा रुंद आहे, आणि बंद गल्लीत मांडवाने कोणाची वाट अडत नाही, अशी आमची समजूत. माझी तरी होतीच. वरण-बट्टीचा बेत होता, आचाऱ्याची भट्टी पेटली होती, मंडपवाल्याचा टेम्पो आतच उभा होता.

सकाळी दहाच्या सुमारास भिंतीकडच्या शेवटच्या घरातून काकूंची हाक आली. काकांचे तोंड वाकडे झाले होते, उजवा हात उचलत नव्हता. कोणीतरी १०८ ला फोन केला. रुग्णवाहिका वेळेवर आली आणि आमच्या मांडवापाशी थांबली. बांबू रोवलेले, वर कापड ताणलेले, मध्ये टेम्पो, बाजूला उकळते वरण. टेम्पोची किल्ली ज्याच्याकडे होती तो पोरगा फुले आणायला गेलेला. शेवटी गल्लीतल्या पोरांनी काकांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवले आणि खुर्ची उचलून धावत तोंडापर्यंत आणली. मांडवातून वाकून नेताना काकांचे डोके एका बांबूला लागले. ते मी पाहिले. माझ्या हातांना हळद होती.

किती वेळ गेला? कोणी म्हणते दहा मिनिटे, कोणी म्हणते वीस. मेंदूच्या झटक्यात मिनिटामिनिटाची किंमत असते, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. काका वाचले. उजवा हात गेला तो गेलाच. त्या मिनिटांनी काही फरक पडला असता का, हे कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही, आणि मी कधी विचारलेही नाही. दुपारी काकूंनी दवाखान्यातून निरोप पाठवला, "आमच्यासाठी कार्य थांबवू नका." लग्न झाले. दोन महिन्यांनी काकूंनी सूनबाईला साडी-चोळी दिली.

त्या दिवसाबद्दल कोणी मला एक शब्द बोलले नाही. कोणी बोलले असते तर बरे झाले असते, असे मला पुष्कळदा वाटते. पण बंद गल्लीत माणसे बोलताना विचार करतात, कारण उद्या याच वाटेने याच माणसांसमोरून जायचे असते. हा समजूतदारपणा आहे, हे मला कळते. त्यामुळेच त्या दिवशी काय चुकले, हे मोठ्याने म्हटले गेले नाही, हेही कळते. त्यानंतर गल्लीत दोन मांडव पडले. दोन्ही तोंडाशीच.

भिंतीचे काय करावे?

गेल्या वर्षी पलीकडची केळीची बाग विकली गेली. तिथे लेआउट पडला आणि योग असा, की त्याचा एक रस्ता नेमका आमच्या भिंतीला येऊन भिडतो. भिंत पाडली तर आमची गल्ली आरपार होईल.

तरुणांना हे हवे आहे. पलीकडून बाजार जवळ पडतो, रस्ता झाला की घरांच्या किमती वाढतील, आणि कोणी आजारी पडले तर दुसरी वाट राहील. म्हाताऱ्यांना आणि पुष्कळशा बायकांना नको आहे. त्यांचे म्हणणे, महामार्गाची कोंडी चुकवायला निघालेल्या सगळ्या गाड्या आपल्या दारावरून जातील. हे खोटे नाही. शहरातून जाणाऱ्या महामार्गाला समांतर रस्ते हवेत म्हणून जळगावकरांनी वर्षानुवर्षे मागणी केली, कारण त्या महामार्गाच्या कडेने चालताना जीव मुठीत धरावा लागे. अशा गावात मधली वाट सापडली की ती वाहती व्हायला आठ दिवस लागत नाहीत. मग नातवंडांचे क्रिकेट संपले, वाळवण संपले, गुलाबाईच्या पोरींना हात धरून न्यावे लागेल.

दोन्ही बाजू खऱ्या आहेत, म्हणून वाद मिटत नाही. परंतु भिंत असावी की नसावी, एवढाच प्रश्न का असावा? आपल्या जुन्या वाड्यांना दरवाजा असे आणि दरवाजात दिंडी असे. मोठा दरवाजा बंद असला तरी दिंडीतून माणूस ये-जा करी. घोडा, गाडी आत आणायची असेल तेव्हाच सगळा दरवाजा उघडायचा. रॅडबर्नच्या आखणीकारांनी ठेवलेली मागची पायवाट म्हणजे दुसरे काय? आमच्या भिंतीलाही दिंडी पाडता येईल. भिंत पाडून गाडी जाईल एवढे मोकळे करावे, पण मध्ये दोन लोखंडी खांब रोवावेत, कुलपाने काढता-घालता येतील असे. रोज त्यातून माणूस जाईल, सायकल जाईल, हातगाडी जाईल. रुग्णवाहिका किंवा बंब आला तर खांब काढायचे. किल्ली मात्र एका घरात ठेवायची नाही. दोन्ही टोकांच्या चार घरांत चार किल्ल्या. किल्लीवाला फुले आणायला गेला, असे पुन्हा व्हायला नको.

पलीकडे शाळा आहे. आज आमची पोरे महामार्गाच्या कडेने वळसा घालून जातात. दिंडी झाली तर पाच मिनिटांत पोचतील. आणि गल्लीला दुसरे टोक असले, पायी जाण्यापुरते का होईना, तर एखाद्या मुलीला भर उन्हाची वेळ धरून बाहेर पडावे लागणार नाही.

याचबरोबर दुसरे एक ठरले पाहिजे, आणि ते मी स्वतः मांडणार आहे. गल्लीच्या तोंडाशी मांडव नाही. कोणाचाही नाही. मांडव घालायचा तर कॉलनीच्या खुल्या जागेत घालावा. लेआउटमध्ये ती जागा सोडलेली असते ती त्यासाठीच. वळायच्या जागेत गाडी उभी करायची नाही. ती जागा चौदा घरांची आहे, ज्याची गाडी आधी आली त्याची नव्हे. हे नियम कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. शेजारधर्मावर सोडले की काय होते ते मी पाहिले आहे. आमचा शेजारधर्म पक्का होता, तरी रुग्णवाहिका बाहेरच थांबली.

परवा संध्याकाळी मी काकांकडे गेले. ते भिंतीकडे तोंड करून ओट्यावर बसले होते. डाव्या हाताने त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. मी विचारले, "काका, रविवारी बैठक आहे. तुम्हाला काय वाटते? भिंतीचे काय करावे?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्यासाठी म्हणून पाडू नका. पोरांना शाळा जवळ पडत असेल तर बघा."

मला त्यांना मांडवाचे बोलायचे होते. आठ वर्षांहून अधिक काळ बोलायचे आहे. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि विषय पापडांवर गेला. रविवारी बैठकीत तो नियम मांडताना, तो का मांडते आहे हेही मला सांगावे लागेल. काका पहिल्या रांगेत बसलेले असतील. तिथे बोलायला धीर झाला नाही तर निदान हे छापलेले त्यांनी वाचले असेल.